वाकड्या बांधाचे क्षेत्रफळ

चौकोनी शेताचे क्षेत्रफळ काढावयास पंडित लागत नाही. लांबी मोजावी, रुंदी मोजावी आणि गुणाकार करावा. परंतु असे चौकोनी शेत निसर्गाने क्वचितच कोणाच्या वाट्यास दिलेले असते. खानापूरकडील भाताची खाचरे पाहा. उतार जसा वळेल तसा बांध वळतो. नदीकाठच्या जमिनीस एका अंगाने सरळ हद्द असते, तर दुसऱ्या अंगाने पाण्याने कोरलेली नागमोडी कड असते. अशा जमिनीची वाटणी करावयाची वेळ आली म्हणजे ‘हे एकूण किती?’ हा प्रश्न केवळ गणिताचा उरत नाही. भावाभावांतील सलोखा त्याच्या उत्तरावर अवलंबून असतो.

हाच प्रश्न आपल्या घरातील बारावीच्या विद्यार्थ्यापुढे निराळ्या वेषात उभा राहतो. ‘दोन वक्रांनी वेढलेल्या भागाचे क्षेत्रफळ काढा’ असे त्याच्या पुस्तकात लिहिलेले असते. तो समाकलनाचे लांबट चिन्ह काढतो, पाठ केलेले सूत्र लिहितो आणि उत्तर मिळवितो. मात्र ‘बाळा, तू हे काय केलेस?’ असे विचारले तर बहुधा तो गप्प राहतो. अनेक वर्षे शाळेत काढल्यानंतर माझे असे मत झाले आहे, की या मौनाचे कारण विषयाचा कठीणपणा नव्हे. खाचराचा बांध आणि पुस्तकातील वक्ररेषा या दोन्ही एकच आहेत, हे त्याला कोणी घरच्या भाषेत सांगितलेलेच नसते. प्रस्तुत लेखाचा खटाटोप तेवढ्याचसाठी आहे.

परिघावरून फसगत

आरंभीच एक भ्रम दूर केला पाहिजे. पुष्कळांची अशी समजूत असते, की बांधाची लांबी समान असेल तर जमीनही समान असावी. ही समजूत घातक आहे. ४० हात लांब व ४० हात रुंद असा तुकडा घ्या. त्याच्या भोवतालची फेरी १६० हात आणि क्षेत्रफळ १६०० चौरस हात. आता ६० हात लांब व २० हात रुंद तुकडा घ्या. फेरी तीच, १६० हात. क्षेत्रफळ मात्र १२००. आणखी ताणून ७० हात व १० हात केले, तर फेरी न बदलता क्षेत्रफळ अवघे ७०० उरते. उलट, तीच १६० हातांची दोरी वर्तुळाकार पसरली तर आत सुमारे २०३७ चौरस हात जागा सामावते. तात्पर्य, काठाने कितीही फेऱ्या मारल्या तरी आतल्या जागेचे माप हाती येत नाही. ते आतूनच घ्यावे लागते.

चौकटी मोजण्याचा साधा उपाय

आतून माप घेण्याचा सर्वांत साधा उपाय कोणत्याही घरात करता येईल. आलेखाच्या कागदावर रेषा जेथे एकमेकींस छेदतात असा एक बिंदू घ्या आणि तो केंद्र धरून १० चौकटी त्रिज्येचे वर्तुळ काढा. आता पूर्णपणे वर्तुळाच्या आत असलेल्या चौकटी मोजा. त्या २७६ भरतात. नंतर वर्तुळाने थोडाही भाग व्यापलेला आहे अशा सर्व चौकटी मोजा. त्या ३४४ भरतात. खरे क्षेत्रफळ या दोन संख्यांच्या मध्ये असलेच पाहिजे, याविषयी शंका घेण्यास जागा नाही. दोहोंची सरासरी ३१० येते आणि खरे उत्तर ३१४ हून किंचित अधिक आहे. एकही सूत्र न वापरता आपण उत्तराच्या इतक्या जवळ आलो. चौकटी अधिक बारीक घेतल्या तर २७६ आणि ३४४ यांच्यातील दरी अरुंद होत जाईल.

या खेळात एक मोठे तत्त्व दडलेले आहे. वाकडी आकृती आपणास एकदम मोजता येत नाही. सरळ आकृती येते. म्हणून वाकडीच्या आत एक सरळ आकृती बसवावी, बाहेर दुसरी बसवावी, आणि दोहोंनी मिळून सत्यास मध्ये कोंडावे. ग्रीक गणिती आर्किमिडीज याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात नेमके हेच केले. वर्तुळाच्या आत आणि बाहेर ९६ बाजूंच्या बहुभुजाकृती कल्पून त्याने दाखवून दिले, की परिघ व व्यास यांचे गुणोत्तर ३ पूर्णांक १०/७१ पेक्षा अधिक आणि ३ पूर्णांक १/७ पेक्षा कमी आहे. शाळेत आपण जो २२/७ वापरतो तो या कोंडवाड्याचा वरचा काठ होय.

त्याच आर्किमिडीजने दुसरी एक आकृती संपूर्ण सोडविली. अन्वस्त नावाची जी वक्ररेषा आहे (फेकलेल्या दगडाची वाट साधारण तशी असते), तिचा एक तुकडा सरळ रेषेने कापला तर मधे धनुष्यासारखा भाग वेढला जातो. त्यात योग्य रीतीने एक त्रिकोण बसविला, उरलेल्या दोन फटींत दोन लहान त्रिकोण बसविले, पुन्हा उरलेल्या चार फटींत चार बसविले, तर प्रत्येक वेळी नव्या त्रिकोणांचे एकूण क्षेत्रफळ आधीच्या त्रिकोणांच्या एकूण क्षेत्रफळाच्या एक चतुर्थांश भरते. १ अधिक १/४ अधिक १/१६ अशी ही बेरीज वाढत वाढत ४/३ कडे जाते. म्हणजे धनुष्याचे क्षेत्रफळ पहिल्या त्रिकोणाच्या नेमके सवापट वा दीडपट नव्हे, तर एक पूर्णांक एक तृतीयांश पट आहे.

आपल्याकडील विचार

आपल्या देशातही या प्रश्नाचा विचार फार पूर्वीपासून झालेला आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास आपल्या ग्रंथात वर्तुळाचे क्षेत्रफळ म्हणजे अर्धा परिघ गुणिले अर्धा व्यास असे सांगितले. नियम अचूक आहे. पण तो असाच का? याचे सुंदर उत्तर कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी दिले. ‘ग्रहलाघव’कार म्हणून ज्यांना आपले पंचांगकर्ते ओळखतात तेच हे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर त्यांनी शके १४६७ मध्ये, म्हणजे इ. स. १५४५ मध्ये ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. तीत त्यांनी सुचविले आहे, की वर्तुळाचे दोन अर्ध करावे, प्रत्येक अर्धाच्या केंद्राकडे निमुळत्या होत जाणाऱ्या फाका कराव्या, दोन्ही अर्ध उलगडून सरळ पसरावे आणि एकाच्या फाका दुसऱ्याच्या फटींत बसवाव्या. दोन करवतींचे दाते एकमेकांत बसावे तशी ही आकृती होते. फाका जितक्या बारीक तितकी ती आयताच्या अधिक जवळ जाते. त्या आयताची लांबी अर्धा परिघ आणि रुंदी अर्धा व्यास. गोल भाकरीचे सुरीने सोळा तुकडे करून ताटात मांडले, तरी लहान मुलाला हा पुरावा डोळ्यांनी दिसतो.

स्वतः भास्कराचार्यांचा (जन्म शके १०३६, इ. स. १११४) विचार याच दिशेचा होता. त्यांच्या विज्जडविड या गावाचे स्थान काही अभ्यासक आपल्या शेजारच्या विजापुराशी जोडतात, तर काही खानदेशातील चाळीसगावनजीकच्या पाटणशी. पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. आचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचे त्यावरून कळते. या आचार्यांनी गोलाच्या पृष्ठफळाचा विचार करताना आवळ्याचे उदाहरण घेतले आहे. आवळ्यावर देठापासून तळापर्यंत निसर्गतःच रेषा असतात आणि त्यांच्यामुळे पृष्ठाच्या फाका पडलेल्या दिसतात. त्याप्रमाणे गोलाच्या पृष्ठाच्या अरुंद फाका कल्पाव्या, एका फाकेचे माप काढावे व सर्वांची बेरीज करावी. काप बारीक करणे आणि बेरीज घेणे या दोन क्रियाच पुढे समाकलन या नावाने प्रसिद्धीस आल्या.

तीन वाटे

आता प्रत्यक्ष एक उदाहरण अखेरपर्यंत सोडवू. एक चौरस शेत घ्या. त्याची प्रत्येक बाजू १ माना. डाव्या खालच्या कोपऱ्यातून एक वक्र बांध निघतो आणि उजव्या वरच्या कोपऱ्यास मिळतो. त्याचा नियम असा, की खालच्या कडेवर डावीकडून क्ष अंतर गेले असता बांधाची उंची क्ष² असते. अर्ध्या अंतरावर उंची पाव, शेवटी पूर्ण एक. या बांधाखालची जमीन किती?

खालच्या कडेचे १० समान भाग करून उभ्या पट्ट्या पाडू. प्रत्येक पट्टीची रुंदी १/१०. पट्टीच्या उजव्या कडेची उंची धरली तर ती थोडी जास्त होईल. डाव्या कडेची धरली तर थोडी कमी. उजव्या कडेच्या उंची अनुक्रमे १/१००, ४/१००, ९/१०० अशा १००/१०० पर्यंत जातात. म्हणून आपणास १ पासून १० पर्यंतच्या संख्यांच्या वर्गांची बेरीज हवी. तिचा नियम ‘लीलावती’तील श्रेढीव्यवहारात आहे: पदांची दुप्पट करावी, एक मिळवावा, तिनाने भागावे आणि साध्या बेरजेने गुणावे. दहाची दुप्पट २०, एक मिळवून २१, तिनाने भागून ७, १ ते १० ची बेरीज ५५, गुणाकार ३८५. म्हणजे वरची मर्यादा ०.३८५ आणि, शेवटची पट्टी वगळून, खालची मर्यादा ०.२८५. शंभर पट्ट्या घेतल्या तर मर्यादा ०.३३८३५ आणि ०.३२८३५ अशा होतात. पट्ट्या वाढवीत गेलो की दोहोंमधील अंतर हवे तितके लहान करता येते, आणि दोन्ही संख्या एकाच ठिकाणी येऊन ठेपतात: १/३.

आता त्याच दोन कोपऱ्यांमधून दुसरा बांध घाला. पहिल्याचे जणू आरशातील प्रतिबिंब, म्हणजे ज्याच्या उंचीचा वर्ग क्षबरोबर आहे असा. आरसा चौरसाच्या कर्णावर ठेवला आहे असे समजा. मग दुसऱ्या बांधाच्या वरची जमीन ही पहिल्या बांधाखालच्या जमिनीचे प्रतिबिंब होय, तीही १/३. सबंध शेत १. त्यातून दोन तृतीयांश गेले, तर दोन वक्रांनी वेढलेला मधला पानासारखा भाग किती? तोही १/३. दोन वाकड्या बांधांनी चौरसाचे तीन समान वाटे झाले! बाजू ६ साखळ्यांची, म्हणजे शेत ३६ गुंठ्यांचे असेल, तर तिघा भावांस प्रत्येकी १२ गुंठे येतील. वाट्यांचे आकार पाहून हे समान आहेत असे कोणीही म्हणणार नाही. गणित मात्र ते निर्विवाद सिद्ध करते.

दर वेळी अशी पट्ट्यांची बेरीज करीत बसावे लागले असते तर हा विषय थोड्या पंडितांपुरताच राहिला असता. केरळातील माधव व त्यांच्या परंपरेतील गणितज्ञांनी घातांच्या अशा बेरजा पुष्कळ पुढे नेल्या. सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवांनी ते ज्ञान उपपत्तींसह ‘युक्तिभाषा’ या ग्रंथात मांडले, आणि तेही संस्कृतात नव्हे, तर मलयाळम् या लोकभाषेच्या गद्यात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूटन व लायब्निझ यांनी सर्वांसाठी उपयोगी पडणारी किल्ली दिली. उजवी कड जराशी पुढे सरकविली तर क्षेत्रफळ किती वेगाने वाढते? त्या कडेशी वक्राची जेवढी उंची आहे तेवढ्याच वेगाने. म्हणून ज्याच्या वाढीचा वेग क्ष² आहे अशी राशी शोधली की पुरे. ती राशी क्ष³/३ आहे. क्षच्या जागी १ घातला, की १/३ हाती येतो. विद्यार्थी जे लांबट चिन्ह काढतो ते लायब्निझने इ. स. १६७५ मध्ये योजिले. बेरीज या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे ते लांबविलेले आद्याक्षर आहे. म्हणजे त्या गूढ चिन्हाचा अर्थ एवढाच: ‘पट्ट्या मिळवा’.

शून्य उत्तराचा धोका

येथे विद्यार्थ्यांसाठी एक इशारा देणे अवश्य आहे. दोन वक्रांमधील क्षेत्रफळ काढताना वरच्या उंचीतून खालची उंची वजा करावयाची असते. परंतु वक्र एकमेकांस ओलांडतात तेथे वरचा खाली जातो व खालचा वर येतो. क्ष आणि क्ष³ या उंचीच्या दोन रेषा उणे १ पासून १ पर्यंत घ्या. त्या मध्ये शून्यावर एकमेकींस छेदतात. डोळे मिटून सूत्र चालविले तर उत्तर शून्य येते. कारण डावीकडील पाकळीचे माप ऋण आणि उजवीकडील पाकळीचे धन धरले जाते व दोन्ही एकमेकांस खाऊन टाकतात. प्रत्यक्षात प्रत्येक पाकळी १/४ आहे आणि एकूण क्षेत्रफळ १/२. डोळ्यांसमोर जमीन असताना ती शून्य कशी असेल? म्हणून प्रथम आकृती काढावी, छेदबिंदू शोधावे, त्या त्या ठिकाणी भाग पाडावे आणि मगच सूत्रास हात घालावा. आकृती काढण्यास लागणारी पाच मिनिटे वाया जात नाहीत.

शंकू, साखळी आणि ड्रोन

शेताच्या बांधास मात्र क्ष² सारखा नियम नसतो. ओढ्याची कड कोणतेही सूत्र पाळीत नाही. तेथे पट्ट्यांची पद्धतच कामास येते. मुंबई इलाख्यात इ. स. १८३५ नंतर गोल्डस्मिड व विंगेट यांच्या देखरेखीखाली इंदापूर तालुक्यापासून जी मोजणी सुरू झाली, तिचीच परंपरा बेळगावकडेही आली. कारण १९५६ पर्यंत हा जिल्हा त्याच राज्यव्यवस्थेत होता. मोजणीदाराची साखळी ३३ फुटांची, तिचे आणे सोळा. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा, अर्थात १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. शेतातून एक सरळ पायारेषा धरावयाची, शंकूच्या साहाय्याने तिच्यावर काटकोन साधावयाचा आणि ठराविक अंतरांवर बांधापर्यंतची लंबांतरे टिपून घ्यावयाची.

समजा, पायारेषा ६ साखळ्यांची आहे आणि दर साखळीवर ओढ्यापर्यंतची लंबांतरे ३, ४, ५, ५, ४, ४, २ साखळ्या आली. दोन लंबांच्या टोकांमध्ये बांध सरळ आहे असे मानले, तर पहिल्या व शेवटच्या लंबाचे अर्धे अधिक मधले सर्व: २.५ अधिक २२, एकूण २४.५ गुंठे. परंतु बांध सरळ नाही. जेथे तो बाहेर फुगतो तेथे सरळ रेषा जमीन कापून टाकते. अठराव्या शतकातील इंग्रज गणिती टॉमस सिम्सन याच्या नावाने प्रसिद्ध असलेला नियम टोकांमध्ये सरळ रेषेऐवजी अन्वस्ताची कमान कल्पितो. त्याप्रमाणे टोकाचे लंब एकपट, दुसरा, चौथा व सहावा चौपट, तिसरा व पाचवा दुप्पट घ्यावयाचे आणि बेरजेस तिनाने भागावयाचे: ५ अधिक ५२ अधिक १८, म्हणजे ७५, भागाकार २५ गुंठे. दोन उत्तरांत अर्ध्या गुंठ्याचा फरक पडला. अर्धा गुंठा म्हणजे साडेपाचशे चौरस फुटांच्या जवळपास; गावात एक लहान घर उभे राहील एवढी जागा. अशा अर्ध्या गुंठ्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या अबोला धरलेली घरे वाचकांनी पाहिली असतील. कोणती रीत वापरावी हे बांधाचे वळण पाहून ठरवावे लागते. पण मोजणी कोणत्या रीतीने झाली, हे दोन्ही पक्षांस समजले तरी निम्मा संशय मावळतो.

आता साधने बदलली आहेत. इ. स. १८५४ मध्ये अ‍ॅम्स्लर याने नकाशावरील आकृतीच्या काठाने सुई फिरविताच क्षेत्रफळ सांगणारे यंत्र शोधले. आज उपग्रह, ड्रोन व संगणक आले आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेत गावठाणांतील मिळकतींची मोजणी ड्रोनच्या साहाय्याने केली जाते. परंतु संगणक तरी काय करतो? तो वळणदार कडेवर अनेक बिंदू घेतो, लगतचे बिंदू सरळ रेषांनी जोडतो आणि लहान लहान तुकड्यांची बेरीज करतो. चौकटी मोजणारे मूल, भाकरीच्या फाका मांडणारी आजी आणि हे यंत्र यांच्या विचारात जातीचा फरक नाही. फरक आहे तो केवळ बारकाव्याचा.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या घरांतून मुले कन्नड, हिंदी, गुजराती, तेलुगू वा इंग्रजी माध्यमांत शिकतात. त्यांच्या पुस्तकांतील संज्ञा आजोबांस कळत नाहीत, म्हणून आजोबा गणितापासून दूर राहतात. हे अंतर राखण्याचे कारण नाही. बांध, वाटा, गुंठा, साखळी, फाक हे शब्द आजोबांपाशी आहेत, आणि त्या शब्दांत हा सबंध विषय सांगता येतो. गणेश दैवज्ञांना करवतीचे दाते आणि भास्कराचार्यांना आवळा पुरला. पुढच्या सुट्टीत नातवंडास गावच्या शेतावर न्यावे, तीस-चाळीस हातांची दोरी द्यावी आणि ओढ्याकाठचा एक तुकडा त्याच्याकडून मोजवून घ्यावा. उत्तर सातबाऱ्याशी वा उताऱ्याशी तंतोतंत जुळले नाही तरी चालेल. किती फरक पडला आणि का पडला, हे त्याने स्वतः सांगितले, की ते लांबट चिन्ह त्याला पुन्हा कधी परके वाटणार नाही.